फिझचा फंडा

शुक्रवारची संध्याकाळ. लॉगआउट झालंय, बॉसचा शेवटचा मेल न उघडताच बॅग खांद्याला लावलीय आणि अख्खा ग्रुप कुठेतरी टेकलाय. कुणासमोर फ्रेश लाइम सोडा, कुणासमोर कोला, कुणासमोर बिअर आणि ‘आज आपला ड्राय डे’ म्हणणाऱ्यासमोर बिचारा साधा सोडा. तेवढ्यात ग्रुपमधला हेल्थवाला मेंबर (प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच) मान हलवत म्हणतो, “अरे, काय पिताय हे? ॲसिड आहे त्यात, ॲसिड!” मग कोलात ठेवलेला दात रातोरात गायब झाल्याची ती जुनीपुराणी स्टोरी निघते. आणि दहा मिनिटांनी हाच महाभाग धूर निघणारं निळं मॉकटेल मागवतो, त्याचा व्हिडिओ काढतो आणि लगेच स्टेटसला टाकतो.

गंमत म्हणजे ॲसिड खरंच आहे. समोरच्या प्रत्येक ग्लासात आहे. नाव कार्बॉनिक ॲसिड. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की तयार होतं ते. आणि त्या मॉकटेलच्या धुरामागेही हाच कार्बन डायऑक्साइड आहे, फक्त बर्फाच्या रूपात. म्हणजे गॅस एकच. पण घाबरायचं कशाला आणि बिनधास्त राहायचं कशाबद्दल, याचा आपला हिशेब मात्र बरोबर उलटा आहे.

नावालाच ॲसिड

बारावीची केमिस्ट्री ज्यांनी निकालाच्या दिवशीच रद्दीत घातली, त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेला तरी त्यातला बहुतेक भाग नुसताच विरघळून राहतो. साधारण 600 रेणूंमागे एखादाच पाण्याच्या रेणूशी जोडी जमवतो आणि कार्बॉनिक ॲसिड बनतो. ही जोडीही सेकंदभर टिकत नाही. तुटते, पुन्हा दुसरी जमते. त्यामुळे सल्फ्युरिक किंवा नायट्रिक ॲसिडसारखी कार्बॉनिक ॲसिडची बाटली कुठल्याही केमिकलवाल्याकडे मिळत नाही. फार आग्रह केलात तर तो तुम्हाला सोडाच आणून देईल.

त्यातही एक भन्नाट प्रकार आहे. 2000 साली काही शास्त्रज्ञांनी गणित मांडून पाहिलं की, या ॲसिडचा एखादा रेणू पाण्यापासून पूर्ण दूर ठेवला तर किती टिकेल? उत्तर आलं, अर्धे रेणू फुटायलाच 1 लाख 80 हजार वर्षं! पण शेजारी पाण्याचा एक रेणू आला की हा टिकाऊपणा धाडकन खाली येतो. ज्याच्यामुळे लग्न जमलं, त्याच्याचमुळे घटस्फोट. असो.

ताकदीचं म्हणाल तर साध्या सोड्याचा पीएच 4 च्या आसपास असतो. सॅलडमधल्या टोमॅटोचाही जवळपास तेवढाच. लिंबाचा रस 2 ते 2.5, म्हणजे कितीतरी जास्त आंबट. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा वाटेत कार्बन डायऑक्साइड पिऊन 5.6 वर आलेला असतो. म्हणजे पहिल्या पावसात भिजलेले आपण सगळे कार्बॉनिक ॲसिडमध्येच न्हालेलो आहोत.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगून टाकते. कार्बॉनिक आणि कार्बॉलिक, यात एका अक्षराचा फरक आहे, पण तो जीवघेणा आहे. साप येऊ नयेत म्हणून गावाकडच्या घराभोवती जे उग्र वासाचं शिंपडतात, ते कार्बॉलिक ॲसिड, म्हणजे फिनॉल. ते कातडी भाजतं, पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. कोकणातल्या घराच्या माळ्यावर अशी जुनी बाटली सापडली तर मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका आणि उघड्या हाताने तर अजिबात हाताळू नका. नावातल्या साम्यापलीकडे आपल्या सोड्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

खरे नातेवाईक स्वयंपाकघरात आहेत. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन्ही कार्बॉनिक ॲसिडचेच क्षार. ढोकळ्याच्या पिठात सोड्यावर लिंबू पिळलं की क्षणभर कार्बॉनिक ॲसिड तयार होतं, लगेच फुटतं आणि सुटलेला गॅस पीठ फुगवतो. जेवण अंगावर आल्यावर आपण एनो घेतो, तेव्हा पोटातही हाच खेळ. सोडा जठरातलं जास्तीचं ॲसिड मारतो, त्यातून गॅस सुटतो आणि मग येतो तो सुप्रसिद्ध ढेकर.

गोटीची करामत

सोड्याचा शोध लागला तो दारूच्या शेजारी, हे वाचून मला तरी जराही आश्चर्य वाटलं नाही. 1767 च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली हा इंग्लिश पाद्री लीड्समध्ये एका ब्रुअरीच्या शेजारी राहत होता. बिअर आंबवण्याच्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते आणि तिच्यात जळती काडी धरली की विझते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने त्या हवेत पाणी धरलं, ढवळलं आणि पाण्याला छान चरचरीत चव आली. 1772 साली त्याने याची कृतीच छापून टाकली. खलाशांचा स्कर्व्ही रोग या पाण्याने बरा होईल अशी त्याला आशा होती. ती फोल ठरली, कारण स्कर्व्हीला लागतं व्हिटॅमिन सी. पण जिनिव्हातल्या याकोब श्वेप या घड्याळं-दागिने बनवणाऱ्या माणसाने 1783 मध्ये यातून धंदा उभा केला. श्वेप्स हे नाव तुम्ही टॉनिक वॉटरच्या कॅनवर वाचलं असेल, ते त्याचंच.

आपल्याकडे साहेबाबरोबर सोडा आला आणि पारशी-इराण्यांनी तो आपला केला. मुंबईत पालनजी (1865) आणि ड्यूक्स (1889), पुण्याच्या कॅम्पात अर्देशिर (1884). बेरी पुलाव, धनसाक आणि सोबत लालभडक रास्पबेरी, हे कॉम्बिनेशन ज्याने खाल्लं नाही त्याच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात स्मार्ट डिझाइन गोटी सोड्याच्या बाटलीचं. हायरम कॉड नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने 1872 मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली. गळ्याशी चिमटा काढल्यासारखी खाच, आत काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची रिंग. बाटली उलटी धरून भरतात, म्हणजे गोटी आपसूक तोंडाशी येते. मग आतला गॅसच तिला रबरावर दाबून धरतो. झाकण नाही, बूच नाही, ओपनर नाही. ज्याला कोंडायचं त्याच्याच हातात कडी!

गिरगावातल्या एका गोटी सोडावाल्या काकांच्या गाडीशी मी मुद्दाम दोन दुपारी काढल्या. पहिला धडा मिळाला तो गारव्याचा. “ताई, पाणी गार नसेल तर सोडा बसतच नाही. नुसता फुसका होतो,” काका म्हणाले. पुस्तकही हेच सांगतं. नेहमीच्या हवेच्या दाबाला 0 अंशाचं एक लिटर पाणी सुमारे 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं. 25 अंशाला तेच पाणी पाऊण लिटरवर थांबतं. बाटलीत मात्र दाब देऊन चारेक लिटरपर्यंत गॅस कोंबलेला असतो. त्यामुळे उन्हात तापलेल्या बाटलीत गॅसला पाण्यात जागा उरत नाही आणि तो काचेला रेटू लागतो. साध्या खोलीच्या तापमानालाच सोड्याच्या बाटलीत कारच्या टायरच्या जवळपास दुप्पट दाब असतो. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीत काय होत असेल, याचा विचार करा.

दुसरा धडा मसाल्याचा. मसाला सोडा करताना काका ग्लास कधीच काठोकाठ भरत नाहीत. जिरं-मीठ पडलं की त्याच्या प्रत्येक कणावर बुडबुडे जमतात आणि फेस उसळून वर येतो. गिऱ्हाईक नवीन असेल तर त्याचा शर्ट भिजतो, काका हसतात आणि फुकटात अर्धा ग्लास पुन्हा भरून देतात.

गोटी फोडताना काका बाटली आडवी धरतात, तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे नाही. हे स्टाइलसाठी नाही. उडालेलं झाकण किंवा काच डोळ्याला लागून नजर गेल्याच्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. न्यू इयरला शॅम्पेन उडवणाऱ्यांनीही याची नोंद घ्यावी. आणि पटकन गार व्हावी म्हणून काचेची बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. पाणी गोठताना फुगतं, शिवाय आतला गॅस बाहेर ढकलतं. सकाळी आईसमोर काचांचा ढीग आणि चिकट फ्रीझर, दोन्हीचा हिशेब द्यावा लागतो.

दरम्यान, ही बाटली आता एकदम हॅपनिंग झालीय. 2025 मध्ये अपेडा या सरकारी संस्थेने ‘गोली पॉप सोडा’ नावाने तिच्या निर्यातीचा गाजावाजा केला. अमेरिका, युरोप आणि आखातात ती विकली जातेय. आपल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “बाटल्या परत कशा आणतील तिथून?”

जिभेला मुंग्या

सोडा पिताना जीभ चरचरते ती बुडबुडे फुटल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. बुडबुडे तयारच होणार नाहीत इतक्या दाबाच्या चेंबरमध्ये बसवून माणसांना सोडा पाजला, तरी चरचर तेवढीच लागली, असं 2013 मधल्या एका प्रयोगात दिसलं. खरा मामला असा की, जिभेवर एक एन्झाइम असतं. सोड्यातला गॅस त्याच्या तावडीत सापडला की त्याचं झटपट ॲसिड बनतं. ते जिभेला आंबट लागतं आणि तोंडातल्या वेदनेच्या नसांनाही चिमटा काढतं. थोडक्यात, सोडा आवडणं म्हणजे पाणीपुरीच्या तिखटासारखंच. थोडं दुखतं, म्हणून मजा येते.

याचा पुरावा लेह-लडाखला जाणाऱ्यांना फुकटात मिळतो. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अनेक जण डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स घेतात. ही गोळी नेमकं हेच एन्झाइम थंड करते. मग खारदुंगला पाहून आल्यावर सेलिब्रेशनची बिअर किंवा कोला उघडावी, तर ती भांडी धुतल्या पाण्यासारखी लागते. एक्स्पायरी डेट तपासू नका, दुकानदाराशी भांडू तर अजिबात नका. गोळ्या थांबल्या की चव परत येते.

दात, हाडं आणि ॲसिडिटी

आता त्या विरघळलेल्या दाताकडे येऊ. दातावरचं इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली मऊ पडायला लागतं. त्या हिशेबाने साधा सोडाही त्यात बसतो. पण तो इतका दुबळा आहे की तोंडातली लाळ त्याला चटकन निष्प्रभ करते. (लाळेतलं हे काम बायकार्बोनेट करतं, म्हणजे पुन्हा कार्बॉनिक ॲसिडचंच पोर.) कोलाची गोष्ट वेगळी. तिचा पीएच 2.5 च्या आसपास असतो आणि तो कार्बॉनिक ॲसिडमुळे नव्हे, फॉस्फॉरिक ॲसिडमुळे. बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरांत 338 असा आकडा दिसतो ना, ते हे. लिंबाच्या चवीच्या पेयांत बहुधा 330 असतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. आणि 290 म्हणजे आपला गरीब बिचारा कार्बन डायऑक्साइड. पुढच्या वेळी लेबल वाचाल तेव्हा शिव्या योग्य आकड्याला घाला.

भर म्हणून साखर. 300 मिलीच्या कोलात ती 30 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे सात-आठ चमचे. तोंडातले जंतू साखर खाऊन स्वतःचं वेगळं ॲसिड बनवतात. त्यामुळे डेडलाइनच्या दिवशी एकच बाटली दुपारी दोनपासून सातपर्यंत घोट घोट पुरवणं, ही जी आपली ऑफिसची स्टाइल आहे, ती दातांसाठी सगळ्यात वाईट. प्यायचीच तर जेवणासोबत एकदा पिऊन मोकळं व्हा, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. अर्धा तास जाऊ द्या, तोवर मऊ पडलेलं इनॅमल सावरतं.

हाडांबद्दलही हीच स्टोरी. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासात 2006 साली असं दिसलं की, रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी होती. बाकीच्या फसफसणाऱ्या पेयांच्या बाबतीत मात्र तसं दिसलं नाही. म्हणजे बुडबुडे निर्दोष. मैत्रिणींनो, कोला की सोडा असा चॉइस असेल तर काय घ्यायचं ते कळलंच असेल.

एका बाबतीत मात्र मी सोड्याची वकिली करणार नाही. बिर्याणीनंतर ‘पचायला बरं’ म्हणून सोडा मागवतात. त्याने ढेकर येतो आणि हलकं वाटतं, एवढंच. पण ज्यांना छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येण्याचा त्रास आहे, त्यांचं पोट गॅसने फुगलं की तो वाढतो. आणि आठवड्यातून चार दिवस एनो लागत असेल, तर प्रॉब्लेम एनो सोडवणार नाही. त्यात भरपूर सोडियम असतं. बीपीवाल्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याची सवय लावूच नये.

आणि ज्यांचा होमलोन नुकताच मंजूर झालाय त्यांच्यासाठी एक छोटासा ब्रेक. हेच ॲसिड तुमच्या स्लॅबमध्येही शिरतं. ताज्या काँक्रीटचा पीएच 12 ते 13 असतो आणि त्यामुळे आतल्या सळ्या सुरक्षित राहतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून हळूहळू तो 9 च्या खाली आणतात. मग सळी गंजते, गंज फुगतो आणि बाथरूमच्या छताचं प्लास्टर एका रात्री खाली येतं. याला इंजिनिअर लोक कार्बोनेशन म्हणतात. तपासायची पद्धत झकास आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन मारायचं. गुलाबी झालं तर ठणठणीत, रंग नाही आला तर ॲसिड तिथवर पोचलंय. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. रीसेलचा फ्लॅट बघताना मॉड्युलर किचनचं कौतुक नंतर करा, आधी सेक्रेटरींकडे तो रिपोर्ट मागा.

धूर दिसतो, गॅस दिसत नाही

मला या विषयाचं वेड लागलं ते माझ्या मामेबहिणीच्या लग्नात. ठाण्यातला एसी हॉल, दारं बंद. नवरा-नवरीची ढगांवरून चालत एन्ट्री. इव्हेंटवाल्याच्या पोराने पिंपातल्या गरम पाण्यात पांढरे ठोकळे सोडले आणि गुडघ्यापर्यंत धुकं पसरलं. टाळ्या, शिट्ट्या, फोटो. त्या धुक्यात सगळ्यात खूश कोण? तर चार-पाच वर्षांची पोरं. ती त्यात लपाछपी खेळत होती, काही तर चक्क आडवी झाली होती. एका भाच्याने स्टेजमागे पडलेला ठोकळ्याचा तुकडा उचलला आणि मुठीत दाबून धरला. किंचाळला तेव्हा माझी मावशी धावली. दोन बोटांवर टरटरून फोड आले होते. इव्हेंटवाला म्हणाला, “काही नाही हो मावशी, बर्फच आहे.”

बर्फ नाही. तो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे 78.5 अंश. तो वितळून पाणी होत नाही, थेट गॅस होतो. एका किलोचा 500 लिटरपेक्षा जास्त गॅस! दिसतो तो धूर म्हणजे थंडीने गोठलेली पाण्याची वाफ. खरा गॅस दिसतच नाही, त्याला वासही नाही. आणि तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. पिंपाशेजारी उभ्या नवरदेवाचं नाक त्यातून वर असतं. आडव्या झालेल्या पोराचं नसतं.

इथेही कार्बॉनिक ॲसिडच आपल्याला वाचवायला बघतं. श्वास रोखून धरल्यावर जी तडफड होते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपत आल्याची नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याचं ॲसिड होतं, रक्ताचा पीएच जरा घसरतो आणि मेंदू आरडाओरडा करतो. डोकं दुखणं, धाप लागणं, छातीत धडधड, हे सगळे त्याचेच अलार्म. कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेत या गॅसचं प्रमाण 0.5 टक्क्यापर्यंत चालतं असं मानतात. 4 टक्क्यांना जिवाचा धोका सुरू होतो. 10 टक्क्यांच्या वर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. अलार्म वाजला तरी उठून बाहेर जायला वेळच मिळत नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका इन्स्टाग्राम स्टारच्या वाढदिवसाच्या पार्टीत नेमकं हेच झालं. धुराचा इफेक्ट हवा म्हणून बंदिस्त स्विमिंग पूलमध्ये 25 किलोच्या आसपास ड्राय आइस ओतला. तीन जण गेले, त्यात तिचा नवराही होता. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवणानंतर माउथ फ्रेशनर म्हणून जे दिलं गेलं, ते ड्राय आइस निघालं. पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. आणि निसर्गाने याचा सगळ्यात भयानक प्रयोग केला तो कॅमेरूनमधल्या न्योस तलावात. तळाशी जमिनीतून गॅस झिरपत होता, वरच्या पाण्याच्या दाबाने तो विरघळून राहिला होता. थोडक्यात 200 मीटर खोल सोड्याची बाटलीच. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री तिचं बूच उडालं. जड गॅस दऱ्यांमधून गावांवर उतरला आणि झोपेतच 1700 हून जास्त माणसं मेली. 2001 पासून तिथे तळापर्यंत पाइप टाकून गॅस थोडा थोडा बाहेर सोडतात. त्या पाइपातून पाण्याचं कारंजं आपोआप उडतं, हलवलेल्या बाटलीसारखं.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे सगळं माहीत होतं, फॉर्म्युला नव्हता इतकंच. धान्य किंवा हळद साठवायला जमिनीत खोल पेव खणायचे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध होती. कोंडलेला माल आतल्या हवेतला ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. त्यामुळे पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. ज्योत विझली तर माणूस उतरायचा नाही. जुन्या विहिरींनाही हाच नियम. आज शहरात धुरकट मॉकटेलच्या कॅफेंचं पेव फुटलंय, पण कंदील कुणी सोडत नाही. (तसा कंदील काही परफेक्ट नाही. ज्योत विझण्याआधीच गॅस घातक पातळीला पोचलेला असू शकतो. आता त्यासाठी मीटर मिळतात.)

तेव्हा घरचं लग्न किंवा ऑफिसची ॲन्युअल पार्टी ठरवत असाल तर इव्हेंटवाल्याला सरळ विचारा, धुकं कशाचं? ड्राय आइस असेल तर दारं-खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर साध्या फॉग मशीनवर भागवा. पोरांना धुक्यात आडवं होऊ देऊ नका. कुणाला गरगरलं, धाप लागली तर आधी मोकळ्या हवेत न्या, पाणी-बिणी नंतर. तळघरात किंवा खड्ड्यात कुणी कोसळलेलं दिसलं तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, फायर ब्रिगेडला बोलवा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही बरेचदा जातो. मॉकटेलमध्ये ठोकळा थेट तरंगत असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत ग्लास तोंडाला लावू नका. खरं तर परत पाठवा. ग्लासाला वेगळा कप्पा असेल तर गोष्ट वेगळी.

घरी सोडा करायचं मशीन घेतलं असेल तर त्यात फक्त साधं पाणी भरा, सरबत नंतर मिसळा. सिलिंडर उन्हात किंवा गाडीत सोडू नका, वापरताना उभा ठेवा.

आइस्क्रीमच्या पार्सलबरोबर ड्राय आइस आला तर जाड हातमोजे किंवा चिमटा वापरा. थर्मासमध्ये किंवा बूच घट्ट लावलेल्या बाटलीत तो कधीही भरू नका, बाटली फुटते. गाडीतून नेताना काचा थोड्या खाली आणि एसी बाहेरची हवा घेणाऱ्या मोडवर. छोट्या गाडीत साधारण तीन हजार लिटर हवा असते. बंद काचांत पाव किलो ड्राय आइस उडाला, तरी प्रमाण 4 टक्क्यांच्या वर जातं आणि स्टिअरिंग तुमच्याच हातात असतं. उरलेला सिंकमध्ये टाकू नका, पाइप तडकतो. मुलांचा आणि मांजराचा हात पोचणार नाही अशा उघड्या गॅलरीत थर्माकोलच्या डब्यात झाकण सैल ठेवून द्या. दोनेक दिवसांत डबा रिकामा मिळेल.